पाच जणांचा ताळेबंद

क्रिकेटमध्ये कच्चा फलंदाज अकराव्या क्रमांकावर लपवता येतो. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण. लपायला जागा नाही. २००७ साली सुरू झालेल्या ‘बझरबीटर’ या इंटरनेटवरच्या खेळात माझा नातू असा एक संघ चालवतो आणि बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांकडून जमाखर्चाचा सल्ला फुकटात घेतो. इथे चेंडूला हात लावायचा नाही. सामन्याआधी पाच जण आणि डावपेच ठरवून द्यायचे, पुढचे संगणक पाहतो. पगार मात्र दर आठवड्याला मोजावे लागतात.

गंमत या पगारातच आहे. सेंटर म्हणजे बास्केटखालचा उंच गडी. त्याचा पगार मुख्यतः बास्केटजवळून गुण मिळवणे, तिथला बचाव आणि हुकलेला चेंडू पकडणे यांवर ठरतो. तोच गडी पासही उत्तम देत असला, तर पगार फारसा वाढत नाही, पण साऱ्या संघाला नेम धरायला सोप्या संधी मिळतात. बँकेत आम्ही चालू खात्यातली बिनव्याजी शिल्लक अशीच डोळ्यांत तेल घालून शोधत असू.

मग सगळेच असे खेळाडू का घडवत नाहीत? सरावाची अट आड येते. पासचा सराव नीट हवा, तर त्या आठवड्यात खेळाडूला पॉइंट गार्डच्या जागी खेळवावे लागते. उंच, जड पोरगा तिथे उभा केला, की प्रतिस्पर्ध्याचा चपळ गार्ड त्याला नाचवतो. मैत्रीचा सामना असेल तर चालून जाते. नाहीतर लीगमधला विजय पणाला लागतो. आमच्या शाखेत कॅशमधल्या माणसाला कर्जविभागात बसवले, की काउंटरवर रांग दारापर्यंत जाई आणि ग्राहक थेट केबिनमध्ये येऊन आवाज चढवत. तरी बदल्या करायच्याच असत. एक माणूस रजेवर गेला म्हणून शाखा अडली, तर ती शाखा कसली?

संतुलन म्हणजे पाचही जण सारखे, असे मात्र नव्हे. २००४ च्या एनबीए अंतिम मालिकेत शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन अशी बडी नावे असलेल्या लेकर्सना डेट्रॉइट पिस्टन्सने ४-१ असे हरवले. डेट्रॉइटचा बेन वॉलेस फ्री थ्रोमध्ये अगदीच कच्चा होता. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणी निवडलेही नव्हते. पण बचाव आणि रिबाउंड त्याने सांभाळले, आणि गुण मिळवायला चॉन्सी बिलप्स, रिचर्ड हॅमिल्टन होते. एकाची तूट दुसऱ्याच्या शिलकीतून भागत होती.

नातवाचा संघ सध्या तळाशी आहे. आणखी दोन पराभव झाले, तर खालच्या विभागात जाईल. त्याच्याकडे एकोणीस वर्षांचा एक सेंटर आहे. विकला तर तयार खेळाडू येईल. “आजोबा, तुम्ही काय केलं असतं?” त्याने विचारले. मी म्हटले, “माणूस ठेवला असता.” शनिवारी लीगचा सामना आहे. यादी भरून झाली आहे आणि ते पोरगे पॉइंट गार्डच्या जागी आहे.