बंद फायलींचा शोध : लेखांक ५
संशयितांची यादी आली कुठून?

जुन्या खून प्रकरणांतल्या बातम्या कशा पडताळायच्या, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आज पोलिसी कागदांकडे वळू. कागदावर सरकारी शिक्का दिसला की आपला विश्वास पटकन बसतो. न उलगडलेल्या खुनांवर लिहिणारे पुष्कळ लेखक नेमके इथेच फसतात.

उदाहरण लंडनच्या व्हाइटचॅपलचं घेऊ. १८८८च्या ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत त्या भागात आणि लगतच्या वस्तीत पाच बायकांचे खून झाले. ते एकाच माणसाने केले, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. जगाने त्याला 'जॅक द रिपर' म्हटलं, पण तो सापडला नाही. त्याच्यावरची पुस्तकं मात्र अजून निघताहेत आणि त्यांतल्या अनेकांचा डोलारा एकाच टिपणावर उभा आहे.

हे टिपण मेल्व्हिल मॅकनॉटन या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचं आहे. त्यावर २३ फेब्रुवारी १८९४ ही तारीख आहे. त्यात तीन संशयित आहेत : ड्रुइट, कॉस्मिन्स्की आणि ऑस्ट्रॉग. वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली नावं म्हटल्यावर लेखकाला आणखी काय हवं?

हवं ते इतकंच की, हा कागद कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला, हे आधी तपासावं. मॅकनॉटन पोलीस दलात आला १८८९ मध्ये, म्हणजे खून होऊन गेल्यावर. त्याआधीची बरीच वर्षं तो बंगालमध्ये वडिलांची मालमत्ता सांभाळत होता. तपासातलं त्याला जे ठाऊक होतं, ते फायलींतून आणि सहकाऱ्यांच्या तोंडून आलेलं. टिपण लिहिण्याचं कारणही वेगळंच होतं. 'द सन' या वर्तमानपत्राने एका मनोरुग्णाकडे बोट दाखवलं होतं आणि तो आरोप टिकत नाही, हे मॅकनॉटनला वरिष्ठांपुढे मांडायचं होतं. 'त्याच्यापेक्षा यांच्यावर संशय घेणं जास्त योग्य' अशा अर्थाने ही तीन नावं आली. तपासाचा निष्कर्ष म्हणून ती यादी कधी लिहिलीच गेली नव्हती.

आता तपशील ताडून पाहू. टिपणात ड्रुइट डॉक्टर आहे. मॅकनॉटनच्या घरी राहिलेल्या दुसऱ्या प्रतीत त्याचं वय ४१ दिलंय. प्रत्यक्षात तो बॅरिस्टर होता, शाळेत शिकवायचा आणि १८८८च्या डिसेंबरअखेर थेम्स नदीत त्याचं प्रेत सापडलं, तेव्हा ३१ वर्षांचा होता. कॉस्मिन्स्कीचं तर नुसतं आडनावच आहे. ऑस्ट्रॉग त्या काळात फ्रान्समध्ये अटकेत होता, असं पुढच्या संशोधनात निष्पन्न झालं. म्हणून टिपण फेकून द्यायचं का? मुळीच नाही. १८९४ मध्ये पोलिसांच्या वरच्या वर्तुळात काय समज होता, याचा ते उत्तम पुरावा आहे. खून कोणी केले, याचा नाही.

याच प्रकरणातला दुसरा कागद पाहा. त्या पाच जणींपैकी एक असलेल्या कॅथरीन एडोजच्या प्रेताजवळ मिळालेल्या वस्तूंची पोलिसांनी यादी केली. यादी करणाऱ्याला काही सिद्ध करायचं नव्हतं. समोर दिसलं ते त्याने उतरवलं. चहा आणि साखरेच्या पत्र्याच्या डब्या, साबणाचे तुकडे, कंगवा, शिवणाचं अंगुस्तान आणि मोहरीच्या डबीत गहाणाच्या दोन पावत्या. या पावत्यांची बातमी वाचूनच तिचा जोडीदार जॉन केली पोलिसांकडे आला आणि तिची ओळख पटली. दोघं नुकतीच केंटमधून परतली होती, हॉप्स या पिकाच्या तोडणीवरून. हाती पैसा उरला नव्हता, म्हणून जॉनचे बूट गहाण पडले होते. गाठीला असेल ते सगळं अंगावर घेऊन फिरणारी, हंगामी मजुरीवर जगणारी एक बाई या यादीतून स्पष्ट उभी राहते. तिथे तर्काला जागाच नाही.

हॅली रूबेनहोल्ड यांनी २०१९च्या 'द फाइव्ह' या पुस्तकात हीच वाट धरली. खुनी कोण, हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी त्या पाच जणींची आयुष्यं कागदोपत्री शोधली. पाचही जणी वेश्या होत्या, हा समज इतकी वर्षं एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आला होता. पाचपैकी तिघींच्या बाबतीत त्याला पुरावाच नाही, असं त्यांनी मांडलं. त्यावर वादही झाला, पण तो पुराव्यांवर झाला. चांगल्या पुस्तकाने असाच वाद ओढवून घ्यावा.

सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर एखाद्याला खुनी ठरवणं सोपं असतं, कारण तो उलट बोलू शकत नाही. त्याचे वंशज मात्र असतात, आणि मारल्या गेलेल्या बायकांचेही. म्हणून नाव घेण्याइतका पुरावा नसेल, तर पुस्तक नावाविना संपवण्याची हिंमत लेखकाकडे हवी. 'मला खुनी सापडला' असं सांगणारं पुस्तक जास्त खपेल; पण 'इथपर्यंत माहीत आहे, इथून पुढे नाही' असं सांगणाऱ्या पुस्तकावर पुढच्या संशोधकाला उभं राहता येतं.

पुढच्या आठवड्यात : साक्षीदारांनी सांगितलेल्या वेळा. कोणाचं घड्याळ, आणि ते कितपत खरं?