अर्ध्या भाषेतली नातवंडे

मे महिन्यात आखातातून गावी आलेला नातू दादीशी हिंदी-इंग्रजीची सरमिसळ करून बोलतो. दादी मान डोलावते आणि फारसे न कळताच त्याच्यापुढे आंबा कापून ठेवते. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या घरांना हे दृश्य नवे नाही. कोरियन घरांनी तर ते सात समुद्रांपलीकडे कितीतरी वर्षे पाहिले आहे, म्हणून त्यांची गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटली.

1903 साली पहिले कोरियन मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांवर उतरले. पण कुटुंबेच्या कुटुंबे अमेरिकेत गेली ती 1965 च्या नव्या कायद्यानंतर. कोरियात पदवी घेतलेले कित्येकजण तिथे किराणा नाहीतर लाँड्री चालवू लागले. इंग्रजी कच्चे, त्यामुळे बँकेचे पत्र वाचायला आणि डॉक्टरांशी बोलायला दहा-बारा वर्षांचे पोरच पुढे. लहानपणी आईबापांसोबत गेलेल्या अशा मुलांना कोरियन लोक ‘दीड पिढी’ म्हणतात. हा शब्द आम्हाला फार आवडला. पहिली नाही, दुसरीही नाही!

जगभर स्थलांतरितांची भाषा विसरली जाते, पण कोरियनमध्ये त्याला एक वेगळीच बोच आहे. त्या भाषेत समोरच्याच्या वयाप्रमाणे क्रियापदाचा शेवट बदलतो, कधी शब्दच बदलतो. जेवणाचा रोजचा शब्द आजोबांसाठी चालत नाही. तिथे ‘चिन्जी’ म्हणावे लागते. बरोबरीच्यांशी किंवा लहानांशी बोलायच्या साध्या बोलीला ‘बानमाल’ म्हणतात, शब्दशः ‘अर्धी भाषा’. परदेशात वाढणारे मूल कोरियन ऐकते ते बहुधा घरातच आणि तेही मोठ्यांनी लहानाशी बोललेले. म्हणजे त्याच्या कानावर पडते ती ही अर्धी भाषा, आणि तीच ते आजीला परत करते. इमामसाहेबांना कोणी ‘ए, जेवलास का?’ विचारावे, तसे ते वाटते. मुलाच्या मनात बेअदबी नसते. पूर्ण भाषा त्याला मिळालेलीच नसते. शनिवारी चर्चच्या आवारात कोरियनचे वर्ग भरतात, आपल्या मकतबसारखे. पण आठवड्यातले दोन-तीन तास ते किती पुरणार? आणि घरी आईबापांनाच मुलांचे इंग्रजी पक्के व्हायला हवे असते. त्यांना दोष देणे सोपे आहे, आम्ही देणार नाही.

ली आयझॅक चंग यांच्या ‘मिनारी’ या चित्रपटात अर्कान्सासमधल्या मुलाकडे कोरियाहून आजी येते. ती बिस्किटे भाजत नाही, म्हणून ही खरी आजीच नव्हे, अशी त्याची तक्रार. हे काम करणाऱ्या युन यो-जंग यांना 2021 मध्ये ऑस्कर मिळाले.

घरातला हा अबोला 1992 मध्ये महागात पडला. 29 एप्रिलला लॉस एंजेलिसमध्ये दंगल उसळली आणि कोरियनांची दोन हजारांवर दुकाने लुटली वा जाळली गेली. ते लोक त्या दिवसाला तारखेनेच ओळखतात: ‘सा-ई-गू’, चार-दोन-नऊ. आयुष्याची कमाई राख झालेल्या आईबापांना टीव्हीवर आपली बाजू मांडता येईना. ती मांडायला इंग्रजीत वाढलेली मुले पुढे आली. काहींनी तर त्या दिवसांतच आईबापांच्या कष्टांबद्दल पहिल्यांदा नीट विचारले असेल.

दुसरे टोक उझबेकिस्तान-कझाकस्तानात. स्टालिनने 1937 मध्ये सुमारे 1,70,000 कोरियनांना रशियाच्या पूर्व टोकावरून आगगाड्यांत कोंबून या मुस्लिम मुलखात पाठवले. पुढच्याच वर्षी शाळांतून कोरियन भाषा गेली. आज बहुतेकांची बोली रशियन आहे. किमचीला लागणारी कोबी तिथे मिळेना, म्हणून बायकांनी गाजर किसून तिखट-सिरक्यात मुरवले. हे ‘कोरियन गाजर’ आज ताश्कंदच्या बाजारात ढिगाने विकले जाते आणि उझबेक दस्तरखानावरही असते. कोरियात मात्र ते कोणाच्या ओळखीचे नव्हते.

अलीकडे अमेरिकेतली मुले मोठी होऊन भाषा शिकायला सोलला जातात. योनसेई विद्यापीठात परक्यांना कोरियन शिकवणारी संस्था 1959 पासून आहे. चेहरा पाहून दुकानदार भराभरा बोलू लागतो, उत्तर ऐकून थबकतो आणि विचारतो, कुठले तुम्ही? हाच प्रश्न त्यांना अमेरिकेतही ऐकावा लागलेला असतो. वर्गात शिक्षकांचे बोलणे त्यांना समजते, पण आदराचे शेवट जिभेवर बसायला महिने लागतात. तोवर ज्यांची आजी हयात असते, ते तिला फोन लावून जेवलात का विचारतात, ‘चिन्जी’ म्हणून.