काटा किती सांगतो, काय सांगत नाही

ऑक्टोबर २०११मध्ये टोकियोच्या सेतागाया भागातल्या एका पदपथावर तासाला सुमारे २.७ मायक्रोसिव्हर्ट एवढा किरणोत्सर्ग नोंदवला गेला. शहरात इतरत्र आकडा याच्या कितीतरी पटींनी कमी होता. परिसरातल्या नागरिकांनी मोजणी केली म्हणून ही जागा पालिकेच्या लक्षात आली. फुकुशिमा दाइइचीच्या अपघाताला सात महिने झाले होते, त्यामुळे खापर कोणावर फुटणार हे ठरलेलंच होतं. पण लगतच्या एका जुन्या घराकडे सरकावं तसा काटा चढत होता. शेवटी त्या घराच्या जमिनीखालून बाटल्या निघाल्या आणि त्यांत रेडियमची पूड होती. सव्वादोनशे किलोमीटरवरच्या अणुभट्टीचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

या एका प्रकरणात दोन गैरसमज एकदम उघडे पडतात. हौशी माणसांची मोजणी म्हणजे नुसती घबराट, हा पहिला. इथे आकडा खरा होता, आणि तो कोणी घेतलाच नसता तर त्या बाटल्या आणखी कित्येक वर्षं तिथेच राहिल्या असत्या. यंत्राने आकडा दिला म्हणजे कारणही दिलं, हा दुसरा. गायगर काउंटर नळीत शिरलेले कण नि किरण मोजतो. ते अणुभट्टीतून आलेल्या सिझियमचे की बाटलीतल्या रेडियमचे, हे त्याला कळत नाही.

‘सरकारी यंत्रणा असताना ही उठाठेव कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर मार्च २०११च्या घटनांतच आहे. सुरुवातीला धोक्याचं क्षेत्र कंपासने काढावं तसं आखलं गेलं: अणुभट्टीपासून २० किलोमीटरचं वर्तुळ. वारा काही वर्तुळात वाहत नाही. किरणोत्सारी ढग वायव्येला सरकला आणि पाऊस-बर्फाबरोबर खाली आला. सुमारे ४० किलोमीटरवरचं इइताते गाव त्यात सापडलं. ते रिकामं करण्याचा निर्णय व्हायला एप्रिलचा उत्तरार्ध उजाडला. ढग कुठे जाईल याचा अंदाज देणारी ‘स्पीडी’ नावाची सरकारी संगणक प्रणाली होती, पण तिचे निष्कर्ष लोकांपर्यंत वेळेत पोचले नाहीत. नामिए गावचे काही रहिवासी तर घर सोडून नेमके त्याच वायव्य दिशेला गेले. माझ्या मते यंत्रांपेक्षा आकडे हातात असूनही ते न सांगण्याचाच दोष इथे मोठा होता.

त्याच मार्चमध्ये ‘सेफकास्ट’ हा गट उभा राहिला. बाजारात गायगर काउंटर मिळेनासे झाले होते. असलेली थोडी यंत्रं जागेवर न ठेवता गाडीला लावून फिरवायची, ही युक्ती त्या टंचाईतून सुचली. ‘बीगायगी’ नावाचं त्यांचं यंत्र दर पाच सेकंदांनी आकडा, वेळ आणि जीपीएसवरचं ठिकाण मेमरी कार्डावर टिपतं. पुढे ते सुट्या भागांच्या संचात मिळू लागलं. स्वयंसेवक स्वतः डाग देऊन जोडतात. म्हणून ते खेळणं ठरत नाही: आतली नळी औद्योगिक दर्जाची आहे. मिनिटाला ३३४ ठोके म्हणजे तासाला एक मायक्रोसिव्हर्ट, हे तिचं प्रमाण सिझियम-१३७साठी ठरवलेलं आहे. हाच गुणक दुसऱ्या समस्थानिकाला लावला तर उत्तर चुकतं. नळी थेट जमिनीला टेकवली तर बीटा किरणांमुळे आकडा फुगतो. नोंदी कोणालाही विनाअट वापरता येतात, त्यामुळे चूक शोधायचीही सगळ्यांना मुभा आहे.

ही मंडळी अणुऊर्जेच्या विरोधातली असणार, असंही गृहीत धरलं जातं. सेफकास्टने बाजू घेण्याचं जाहीरपणे टाळलं आहे. त्यांच्या नकाशावर घातक आकडे आहेत तसे दिलासा देणारेही आहेत, आणि दोन्हींमुळे कोणी ना कोणी नाराज होतंच.

‘शून्य म्हणजे सुरक्षित, बाकी सगळं धोक्याचं’ ही समजूत तर आपल्याकडेही घट्ट आहे. शून्य कुठेच नसतं. माती, खडक, अवकाशातून येणारे किरण, आपल्या शरीरातलं पोटॅशियम, सगळीकडून थोडं थोडं येतंच. दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमी, ग्रॅनाइटमध्ये जास्त. त्यामुळे अंगणातल्या काळ्या दगडापेक्षा स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर काटा जरा वर गेला तर दचकायचं कारण नाही. केरळच्या करुणागप्पळ्ळीची मोनाझाइटयुक्त वाळू याच्या किती तरी पुढे आहे. आणि एका मिनिटाला ३० ठोके, पुढच्या मिनिटाला ३८, हा फरक निव्वळ योगायोगाचा असतो.

लाल-जांभळ्या रंगांत पेटलेला पॅसिफिक महासागर दाखवून ‘फुकुशिमाचं विष पसरतंय’ म्हणणारं चित्र अनेकांनी पाहिलं असेल. तो अमेरिकेच्या नोआ संस्थेचा नकाशा आहे, आणि त्यात दाखवली आहे त्सुनामीच्या लाटांची उंची.

शेवटचा गैरसमज मात्र स्वयंसेवकांच्या उत्साहातूनच येतो: हेच यंत्र भाजीवर धरलं की भाजी तपासून झाली. जपानमध्ये एप्रिल २०१२पासून सर्वसाधारण अन्नासाठी सिझियमची मर्यादा किलोला १०० बेक्वेरेल आहे. तेवढं सिझियम हातातल्या यंत्राला नैसर्गिक ठोक्यांच्या गलक्यात ऐकूच येत नाही. त्यासाठी नमुना चिरून डब्यात भरावा लागतो आणि बाहेरचे किरण अडवणाऱ्या शिशाच्या कवचात वर्णपटमापकाने मोजावा लागतो. इवाकी शहरात आयांनी पुढाकार घेऊन २०११मध्ये सुरू केलेली ‘ताराचिने’ ही प्रयोगशाळा हेच काम करते.