हीव खालून येतं

ढवळ्याला मी पहिल्यांदा मुक्काम केला, ती डिसेंबरातली निरभ्र रात्र होती. पहाटे उठून चंद्रगड करायचा आणि तिथून घाटाने थेट महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटला निघायचं, असा बेत होता. म्हणजे एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढ. झोप हवीच होती. महाडहून मुद्दाम जाडजूड स्लीपिंग बॅग नेली होती, तरी ओसरीवर मध्यरात्री दात वाजायला लागले. चाहूल लागून घरातल्या काकी बाहेर आल्या. गोठ्याच्या माळ्यावरून त्यांनी कवळाभर पेंढा आणला. "वरनं कितीबी घे बाय, हीव खालनं येतं," म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बॅगेतला भराव स्वतः उष्णता देत नाही, तो फक्त हवा धरून ठेवतो आणि ती हवा आपली ऊब अडवते. आपण निजलो की पाठीखालचा भराव चेपतो, हवा निघून जाते आणि गार जमीन अंगातली ऊब ओढत राहते. भाताची काडी पोकळ असते, म्हणून पेंढा ती हवा परत देतो. फोमच्या मॅटचं कामही तेच. झोप लागताना शरीराचं तापमान आपोआप थोडं उतरतं, पण जमीनच ऊब शोषायला लागली तर अंग कुडकुडून ती भरून काढतं आणि झोप तुटते. तेव्हापासून मी पांघरुणाचं वजन कमी केलं आणि मॅट जाड घेतली. जागाही ओढ्यापासून थोडी वर निवडते. हिवाळ्यात गार हवा उतारावरून वाहत येऊन खोलगटात साठते, हे सावित्रीच्या खोऱ्यातल्या कुणालाही ठाऊक आहे.

पेंढा पसरण्याआधी काकींनी तो अंगणात दोनदा झटकला. इंचवासाठी.

आमच्या भागात हे झटकणं फार महत्त्वाचं आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब भडकतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात काम करताना डॉ. हिंमतराव बावसकरांनी अशी माणसं डोळ्यांसमोर जाताना पाहिली. रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यांनी अशा रुग्णांना दिलं आणि १९८६ साली त्यांचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाडकर म्हणून मला त्याचा किती अभिमान आहे, हे सांगायला शब्द अपुरे पडतात. सॅक घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने एवढं लक्षात ठेवावं: बूट झटकून घालायचे, बॅगेत शिरण्याआधी ती उलटी करून झाडायची आणि डंख झालाच तर झाडपाला न लावता थेट दवाखाना गाठायचा.

मण्यारीची गोष्ट आणखी वेगळी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्याला चावते. चावा इतका हलका असतो की कित्येकांना जागही येत नाही. मग पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. मच्छरदाणी मॅटखाली चारी बाजूंनी खोचून निजलं, तर हा धोका बराच कमी होतो. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. मच्छरदाणीचं वजन पाव किलोच्या आसपास. मी ती थंडीतही नेते, आणि खरं सांगते, ती खोचली की मनावरचं दडपण उतरतं.

तरीही पहिल्या रात्री झोप सावधच लागते. २०१६ साली अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग अधिक जागा राहतो, जणू पहाऱ्याला. हे वाचल्यापासून मी पहिल्या रात्रीशी भांडत नाही. जमेल तेव्हा एक दिवस आधीच पायथ्याशी जाते आणि अवघड चढ दुसऱ्या रात्रीनंतर ठेवते. दिवेलागणीनंतर चहा घेत नाही. पावसाळ्यात शिवथरघळीजवळ मात्र मला पहिल्याच रात्री गाढ झोप लागली होती. धबधब्याच्या एकसारख्या गाजेत कुत्र्याचं भुंकणं, दाराचं करकरणं, सगळं बुडून जातं.

ढवळ्याला त्या रात्रीही पेंढ्यावर मॅट टाकली आणि चार तास अशी झोपले, की काकींना हलवून उठवावं लागलं. निघताना पेंढा गोळा करून गोठ्यात नेऊन टाकला. त्यांची तांबडी गाय तो लगेच खायला लागली.