टक्क्यांमागचं गणित

मे २०२४ मध्ये कर्नाटकचा दहावीचा, म्हणजे एसएसएलसीचा, निकाल लागला आणि राज्यभर खळबळ उडाली. आदल्या वर्षी ८३.८९ टक्के मुलं उत्तीर्ण झाली होती, या वेळी ७३.४०. बेंगळुरूत मल्लेश्वरमला असलेल्या परीक्षा मंडळापासून तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना एकच प्रश्न विचारला जात होता: दहा टक्के गेले कुठे?

खरी घसरण दहाची नव्हतीच. त्या वर्षी प्रथमच परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावून वेबकास्टिंगने नजर ठेवली गेली. शिक्षण खात्यानेही घसरणीचं कारण म्हणून या कडक देखरेखीकडेच बोट दाखवलं. निकाल इतका खाली आला की मंडळाने सवलतीच्या गुणांची मर्यादा १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेली आणि त्या सवलतीसाठी लागणारी एकूण गुणांची अट ३५ टक्क्यांवरून २५ वर उतरवली. साडेआठ लाखांहून अधिक मुलं परीक्षेला बसली होती. त्यातली सुमारे १ लाख ७० हजार केवळ या वाढीव सवलतीमुळे तरली. ती वगळली तर निकाल ५४ टक्क्यांच्या आसपास येतो. पुढच्या वर्षी वाढीव सवलत काढून घेतली आणि निकाल आणखी खाली उतरला.

एका वर्षात राज्यातली मुलं तीस टक्क्यांनी कच्ची होत नसतात. पाठ्यपुस्तकं जवळपास तीच होती, बहुतेक शिक्षकही तेच होते. बदलली होती ती मोजण्याची परिस्थिती. ८३.८९ मध्ये मुलांचं ज्ञान किती आणि ढिली देखरेख किती, ७३.४० मध्ये ज्ञान किती आणि सवलत किती, हे वेगळं काढल्याशिवाय दोन आकड्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही. ती वजाबाकी मात्र दुसऱ्या दिवशी सगळीकडे झाली, आणि तिच्या आधारे शाळांना जाब विचारले गेले.

आता एकट्या गणिताकडे वळू. एसएसएलसीत गणिताची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि शाळेतलं अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. लेखीत २८ आणि अंतर्गतमध्ये पूर्ण २० मिळवणाऱ्या मुलीच्या गुणपत्रिकेवर ४८ येतात. लेखीत ४० आणि अंतर्गतमध्ये ८ मिळवणाऱ्या मुलाच्याही ४८ च. अकरावीच्या वर्गात ही दोघं शेजारी बसतील तेव्हा त्यांची गणितातली तयारी सारखी नसेल, पण जिल्ह्याच्या सरासरीत दोघांनी टाकलेली भर अगदी सारखी असते.

जिल्ह्याची सरासरी कोणाची, हा प्रश्न बेंगळुरूत विशेष टोकदार होतो. शिक्षण खात्याच्या हिशेबात शहराचे बेंगळुरू उत्तर आणि बेंगळुरू दक्षिण असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. निकालाच्या यादीत त्यांची उडुपीशी, यादगीरशी तुलना होते. २०२४ मध्ये उडुपी ९४ टक्क्यांनी पहिला होता आणि यादगीर ५०.५९ टक्क्यांनी शेवटचा. पण बेंगळुरूतल्या सुस्थितीतल्या घरांची मुलं मोठ्या संख्येने सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळांत जातात. ती या यादीत येतच नाहीत. उलट कलबुर्गी, रायचूर, यादगीरकडून बांधकामावर आलेल्या मजुरांची मुलं शहरातल्या सरकारी शाळांत येतात, काही वेळा वर्षाच्या मध्येच. सरकारी शाळा कन्नडबरोबर उर्दू आणि तमिळ माध्यमाच्याही आहेत. शाब्दिक उदाहरण सोडवताना मूल अडलं, तर ते गणितात अडलं की भाषेत, हे गुणांवरून कळत नाही. उडुपीची सरासरी आणि बेंगळुरू दक्षिणची सरासरी या समाजाच्या दोन वेगळ्या थरांच्या सरासऱ्या आहेत. त्यांवरून कुठले शिक्षक चांगले, हे ठरवणं अन्यायाचं आहे.

जिल्ह्याकडून शाळेकडे आलो की दुसरी अडचण उभी राहते, आणि ती शुद्ध गणिती आहे. ज्या शाळेच्या पाचवीत आठच मुलं आहेत, तिथे एका मुलाला परीक्षेच्या दिवशी ताप आला तरी उत्तीर्णांचा टक्का साडेबाराने हलतो. अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवून दिलं होतं की सरासरीची डळमळ मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. मुलांच्या गुणांतला नेहमीचा फरक, म्हणजे प्रमाण विचलन, २० गुण धरलं, तर १६ मुलांच्या वर्गाची सरासरी नुसत्या योगायोगाने पाच-पाच गुणांनी वरखाली होते. ४०० मुलांच्या शाळेत हीच डळमळ एका गुणावर येते. म्हणून शाळांची क्रमवारी लावली की वरच्या टोकाला लहान शाळा दिसतात, आणि खालच्या टोकालाही.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ साली पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळांच्या पाचवीच्या गुणांवर हे पडताळून दाखवलं. आकाराचा काही परिणाम नसता, तर सर्वांत वरच्या ५० शाळांत सर्वांत लहान ५० पैकी एखाद-दुसरीच सापडायला हवी होती. सापडल्या सहा. तळाच्या ५० मध्ये तर नऊ. लहान शाळा चांगल्या की वाईट, याचं उत्तर या आकड्यांत नाही. त्यांचे आकडे जास्त हलतात, एवढंच त्यांतून कळतं. यंदा यादीत पहिली आलेली लहान शाळा पुढच्या वर्षी खाली घसरते आणि तिच्या मुख्याध्यापकांना नोटीस जाते. त्या नोटिशीवर माझा तीव्र आक्षेप आहे. तीन-चार वर्षांचे गुण एकत्र पाहिल्याशिवाय लहान शाळेबद्दल काहीही बोलू नये.

राष्ट्रीय सर्वेक्षणांत वेगळाच सापळा आहे. १२ नोव्हेंबर २०२१ ला झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरीच्या गणिताची देशाची सरासरी होती ५०० पैकी ३०६. ४ डिसेंबर २०२४ ला झालेल्या ‘परख’ सर्वेक्षणात ती आली ६० टक्के. ३०६ ला ५०० ने भागलं की ६१ येतात, म्हणून ‘एका टक्क्याने घट’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण ३०६ हे मिळवलेले गुण नाहीत. प्रश्नाची काठिण्यपातळी आणि मुलाची क्षमता एकाच मापावर बसवण्याची एक पद्धत आहे, तिचा पाया डॅनिश गणितज्ञ गेऑर्ग राश यांनी १९६० मध्ये मांडला. त्या जातीच्या मापावरचं ३०६ हे एक स्थान आहे, आणि ६० हा बरोबर उत्तरांचा टक्का. भर म्हणजे आधी तिसरी, पाचवी, आठवी, दहावी तपासली होती, नंतर तिसरी, सहावी, नववी.

‘परख’च्या गणितात तिसरीला ६०, सहावीला ४६ आणि नववीला ३७ टक्के आले, तेव्हा ‘मुलं वरच्या वर्गात गेली की गणित विसरतात’ असा अर्थ लावला गेला. प्रत्येक इयत्तेची प्रश्नपत्रिका वेगळी होती. नववीची अवघड निघाली की मुलं मागे पडली, हे या तीन आकड्यांवरून ठरत नाही.

मग वर्गावर्गांतली तुलना करायची कशी? ‘असर’ पाहणीकडे यासाठी बघावं. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ही पाहणी फक्त ग्रामीण भागातली आहे, त्यामुळे बेंगळुरू शहराबद्दल ती बोलत नाही. पण तिथे मुलाला घरी बसवून वर्षानुवर्षं त्याच स्वरूपाची गणितं दिली जातात, कुठल्याही इयत्तेतल्या मुलाला तीच: अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. २०२४ मध्ये देशातल्या पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार आला आणि आठवीच्या ४५.८ टक्के मुलांना. मोजपट्टी एकच असल्यामुळे इथे तुलना टिकते, आणि ती अस्वस्थ करते. भागाकार प्राथमिक शाळेत शिकवून झालेला असतो. आठवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तो अजून येत नाही, आणि त्यांच्यापुढे बीजगणित ठेवलेलं आहे.

सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि ‘असर’ एकमेकांना दुजोरा देतात का? संशोधक डग जॉन्सन आणि आंद्रेस पाराडो यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरकारी सर्वेक्षणातल्या राज्यांच्या सरासऱ्या ‘असर’पेक्षा बऱ्याच वर दिसल्या, आणि राज्यांचा क्रम दोन्हीकडे जवळजवळ जुळलाच नाही. परीक्षा कोण घेतं, कुठे घेतं आणि मुलाशेजारी कोण उभं असतं, यावर इतकं काही अवलंबून असतं.

चाचणी नेमकं काय मोजते, हा प्रश्न याहून खोल आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजी-फळं विकणाऱ्या मुलांशी त्यांनी व्यवहार केले. अमुक इतके ग्रॅम या भावाने, तमुक त्या भावाने, नोट दिली, परत किती? कोलकात्यातल्या मुलांपैकी जवळपास सगळ्यांनी हिशेब बरोबर केला, तोही कागद-पेन्सिलीशिवाय. त्याच मुलांना शाळेच्या पद्धतीचा भागाकार दिला तेव्हा तो फक्त ३२ टक्क्यांना जमला. शाळेत जाणाऱ्या, बाजारात न बसणाऱ्या मुलांचं उलट झालं: कागदावरचं गणित त्यांना तुलनेने जमलं, बाजारातल्या हिशेबात ती अडखळली. त्या विक्रेत्या मुलांच्या गुणपत्रिकेवर ‘गणितात कच्चा’ असाच शेरा पडेल. चाचणीने जे विचारलंच नाही, त्याबद्दलचा निकालही आपण तिच्याकडूनच घेतो.

इतकं सगळं असलं तरी चाचण्या बंद कराव्यात असं मी म्हणणार नाही. गरीब वस्तीतल्या शाळेत भागाकार येत नाही, हे कोणी मोजलंच नाही, तर त्या मुलांच्या वाट्याला काहीच येणार नाही. २००० साली बेंगळुरूत सुरू झालेल्या अक्षरा फाउंडेशनने ‘गणित कलिका आंदोलन’ या उपक्रमातून चौथी-पाचवीच्या सरकारी वर्गांत गणिताची पेटी पोहोचवली आणि ग्रामपंचायतीच्या पातळीवर मुलांच्या गणित स्पर्धा घेतल्या. आपली मुलं कुठे आहेत, हे तिथे पालक आणि पंचायत सदस्य समोर बसून बघतात. जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा त्या माहितीची किंमत मला जास्त वाटते.

शिक्षकाला सर्वांत उपयोगी पडते ती चुकीच्या उत्तरांची माहिती. ५२ मधून ३८ वजा करताना बरीच मुलं २६ लिहितात. पाचातून तीन गेले दोन, आणि आठातून दोन गेले सहा: वर असो की खाली, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम त्यांनी मनाशी ठरवलेला असतो. संशोधक जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या अशा उत्तरांचा अभ्यास करून दाखवलं की अनेक चुका बेफिकिरीच्या नसतात, त्या चुकीच्या पण पक्क्या नियमाने केलेल्या असतात. ‘या वर्गाची सरासरी ४१’ एवढं कळून शिक्षिका काय करणार? ‘तुमच्या २४ पैकी ११ मुलांनी २६ लिहिलं’ हे कळलं, तर ती गणिताच्या पेटीतले दशकाचे दांडे बाहेर काढेल, त्यातल्या एकाच्या बदल्यात दहा सुटे एकक मुलांच्या हातात देईल आणि हातचा म्हणजे काय ते नव्याने शिकवेल. बेंगळुरूच्या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांच्या कार्यालयांनी प्रश्नवार उत्तरांचा असा तक्ता चाचणीनंतर आठवड्याभरात शाळेत पोहोचवावा. क्रमवारीची यादी नंतर आली तरी चालेल.