उमरेडचा फोन, मंत्रालयातली सही

उमरेडच्या बसस्थानकाजवळ चहा पिता पिता कोळशाच्या ट्रकांचा, खाणीत गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा किंवा नगर परिषदेच्या तिकिटाचा विषय फोनवर निघाला, की पलीकडचा हमखास म्हणतो, "फोनवर नको, भेटून बोलू." जरा हुशार असेल तर म्हणतो, "साधा कॉल नको, व्हॉट्सअ‍ॅपवर लाव." असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा फोन कुणीही ऐकत नसतं, तेवढी फुरसत सरकारला नाही. पण एखाद्याचा ऐकायचं ठरलं, तर तो कुणाच्या परवानगीने आणि किती दिवस ऐकता येतो, हे माहीत असलेलं बरं. कारण ज्याचा फोन ऐकला जातो, त्याला ते आधीही कळवत नाहीत आणि नंतरही नाही.

रेकॉर्डिंग वेगळं, टॅपिंग वेगळं

समोरच्याचं बोलणं आपल्याच मोबाइलवर रेकॉर्ड करणं म्हणजे टॅपिंग नव्हे. बोलणाऱ्या दोघांच्याही नकळत तिसऱ्याने मधल्यामध्ये ऐकणं, ते टॅपिंग. सरकारी टॅपिंग सहसा मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून होतं: आदेश कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो आणि तिथून त्या नंबरवरचं बोलणं तपास यंत्रणेला मिळू लागतं. घरासमोर व्हॅन उभी करून कानाला हेडफोन लावलेला माणूस सिनेमात शोभतो. बेकायदा टॅपिंगला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

सही कुणाची लागते

ठाणेदाराची नाही, तहसीलदाराची नाही आणि न्यायाधीशाचीही नाही. उमरेडच्या माणसाचा फोन राज्याच्या पोलिसांना ऐकायचा असेल, तर आदेश राज्याच्या गृहसचिवांचा लागतो. केंद्राच्या यंत्रणांसाठी केंद्रीय गृहसचिवांचा. अगदी तातडीच्या वेळी पोलिस महानिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकृत अधिकारी आदेश देऊ शकतो, पण तीन कामकाजी दिवसांत वर कळवावं लागतं आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी आली नाही तर टॅपिंग थांबवावं लागतं. एक आदेश ६० दिवस चालतो. मुदत वाढवत नेली तरी १८० दिवसांच्या पुढे नाही.

ही चौकट सरकारने आपणहून घातलेली नाही. १८८५ च्या इंग्रजी अमदानीतल्या तार कायद्यात टॅपिंगचा अधिकार होता, कार्यपद्धती नव्हती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने नियम आखून दिले. सरकारने ते २००७ मध्ये नियमावलीत घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले. ढाचा मात्र जुनाच. पीपल्स युनियनच्या त्या याचिकेत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीची मागणीही झाली होती. ती मान्य झाली नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

कारण कोणतं चालतं

'संशय आहे' एवढं पुरत नाही. आधी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असावा लागतो. त्यानंतर देशाची अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणं, यांपैकी एक कारण हवं.

मुंबईच्या एका व्यावसायिकावर बँक अधिकाऱ्याला १० लाखांची लाच दिल्याचा आरोप होता. सीबीआयने २००९-१० मध्ये त्याचे फोन ऐकले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं: लाच हा गुन्हा आहे, पण त्याने जनतेची सुरक्षा धोक्यात आल्याचं दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हाच सूर लावला. त्याच्या थोडं आधी, जूनमध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र मोठ्या भ्रष्टाचाराने अर्थव्यवस्था आणि पर्यायाने सार्वजनिक सुरक्षाही धोक्यात येते, असं म्हणून टॅपिंग योग्य ठरवलं. म्हणजे एकाच कायद्याचा अर्थ मुंबईत एक आणि दिल्लीत दुसरा.

कागदावर 'अमजद खान'

नियम कितीही बारीक असले तरी सही करणारा समोरच्या कागदावर विसंबून असतो. कागदच खोटा असेल तर काय होतं, याचं उदाहरण उमरेडपासून फार लांबचं नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातले साकोलीचे नेते नाना पटोले यांचा फोन 'अमजद खान' या नावाखाली, आणि अचलपूरचे बच्चू कडू यांचा 'निजामुद्दीन बाबू शेख' या नावाखाली पुणे पोलिसांनी २०१६ ते २०१८ या काळात टॅप केला, असा आरोप झाला. कारण अमली पदार्थांच्या व्यापाराचं दाखवलं, असं पटोले यांचं म्हणणं. मुंबईतल्या दुसऱ्या प्रकरणात संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांची नावं आली.

२०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हे दाखल झाले; पुण्यातल्या टॅपिंगच्या काळात त्या तिथल्या पोलिस आयुक्त होत्या. मग राज्यात सरकार बदललं. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, मुंबईच्या प्रकरणात सरकारने खटल्याला मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. शुक्ला कायद्याने निर्दोष आहेत, यात वाद नाही. पण अर्जावर ती नावं आली कशी, हे न्यायालयात साक्षीपुराव्यानिशी कधी तपासलंच गेलं नाही. आमदार-खासदारांची ही गत, तर खाणीच्या गेटसमोर धरणं धरणाऱ्या शेतकऱ्याने कुणाकडे बघायचं?

तपासणारेही घरचेच

गृहसचिवांचे आदेश तपासायला समिती आहे. राज्यात तिचे अध्यक्ष मुख्य सचिव. सोबत विधी खात्याचे सचिव आणि आणखी एक सचिव. बैठक दोन महिन्यांतून एकदा. बाहेरचा माणूस एकही नाही.

केंद्रातल्या अशाच समितीबद्दल न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलं, की एकेका बैठकीत तिच्यासमोर १५ ते १८ हजार आदेश असतात. बैठक सलग आठ तास चालली असं धरलं तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. किराणा दुकानात सुट्टे पैसे मोजायलाही याहून जास्त वेळ लागतो.

सीडीआर: न बोलता सांगणारी यादी

उमरेडसारख्या ठिकाणी टॅपिंगपेक्षा सीडीआर जास्त वापरला जातो. कुणी कुणाला, किती वाजता, किती सेकंद आणि कोणत्या टॉवरखालून फोन केला, याची ही यादी. त्यात बोलणं नसतं. पण रोज रात्री कुणाला फोन जातो आणि मोर्चाच्या दिवशी माणूस कुठल्या टॉवरखाली होता, हे कळल्यावर बोलणं ऐकायची गरज फारशी उरत नाही. यासाठी गृहसचिव लागत नाहीत. पोलिस अधीक्षकांच्या पातळीवर, म्हणजे नागपूर ग्रामीणच्या कार्यालयातून, काम होतं. चोरी आणि खुनाचे तपास यावर उभे राहतात, हेही खरं. पण याद्या बाहेरही झिरपतात: २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर मिळवून विकणाऱ्या टोळीच्या तपासात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

व्हॉट्सअ‍ॅपचं चिलखत

व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल टॉवरवर ऐकता येत नाही, हे बरोबर. पण फोनच फितूर झाला तर? २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने जाहीर केलं, की इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर जगातल्या सुमारे १,४०० फोनवर सोडण्यात आलं. त्यात नागपूरचे वकील होते. भीमा कोरेगाव प्रकरणात आरोपींची बाजू मांडणारे निहालसिंग राठोड त्यांतले एक. एनएसओचं म्हणणं, आम्ही फक्त सरकारांना विकतो. आपल्या सरकारने पेगासस घेतलं की नाही, याचं सरळ उत्तर दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच असल्याचं सिद्ध झालं नाही. सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे न्यायालयातच सांगितलं गेलं.

आपल्या हातात काय

'माझा फोन टॅप होतो का?' असा माहितीचा अर्ज टाकून उत्तर मिळेल, या भ्रमात राहू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. त्याच्या आधारावर आदेशाला आव्हान देता येतं. अडचण एवढीच, की आदेश झाल्याचं बहुतेकदा खटल्याची कागदपत्रं हाती पडतात तेव्हाच कळतं. त्या वेळी वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा: आदेशावर सही कुणाची, तारीख कोणती आणि कारण काय लिहिलंय?

पोलिसांनी मोबाइल ताब्यात घेतला, तर पंचनाम्याची प्रत मागा. त्यात मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक लिहून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, तेही विचारा. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना तिथे वकील मोफत मिळतो.