टेम्पोची फेरी आणि कुर्ल्याचे रस्ते

कुर्ल्याला रस्त्यांची वाण आहे, असे नकाशा पाहणारा कोणी म्हणणार नाही. जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, वस्तीला चिकटून जातो. पूर्वेस द्रुतगती महामार्ग आहे. २०१४ साली सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता रुळांवरून पलीकडे गेला आणि २०१९ साली वांद्रे-कुर्ला संकुलातून चुनाभट्टीकडे जाणारा उन्नत मार्गही खुला झाला. एवढे होऊनही मालाच्या टेम्पोचा दिवस ज्या ठिकाणी वाया जातो, ते ठिकाण या चारही रस्त्यांवर नसते. ते असते एखाद्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे टेम्पो उभा करायला जागा नाही.

गाडीने कोणत्या क्रमाने कुठे जावे, या प्रश्नाला गणितात मोठी प्रतिष्ठा आहे. १९५९ साली डँट्झिग आणि रॅमसर यांनी एका साठ्यातून अनेक पंपांना पेट्रोल पोहोचविणाऱ्या गाड्यांचा प्रश्न मांडला. १९६४ साली क्लार्क आणि राइट यांनी त्यावर सुटसुटीत तोड काढली: दोन ठिकाणांना दोन वेगळ्या खेपा करण्याऐवजी एकच केली तर किती अंतर वाचते ते पाहावे आणि जिथे सर्वांत जास्त वाचते तेथून जोडत जावे. एखाद्या जुन्या मुकादमाला हे सांगितले, तर यात नवीन काय, असे तो विचारील. नवीन होते ते शेकडो ठिकाणांचा हिशेब यंत्राकडून करवून घेणे.

नुसते पोहोचविणे सोपे. वाटेत उचलून वाटेतच उतरविणे अवघड. दहा ठिकाणे असली तर त्यांचे ३६,२८,८०० क्रम होतात. तीच दहा ठिकाणे पाच नगांची असतील, म्हणजे प्रत्येक नग एके ठिकाणी उचलायचा आणि दुसरीकडे द्यायचा असेल, तर उचलण्याआधी देता येत नसल्यामुळे क्रम १,१३,४०० च उरतात. संख्या घटली म्हणून काम हलके झाले असे मात्र नव्हे. टेम्पोच्या हौद्याला बहुधा मागचेच दार असते. साकीनाक्याला आधी चढविलेली खोकी तळाशी जातात आणि कमानीला भरलेला माल त्यांच्यापुढे येतो. पहिला थांबा तळाच्या खोक्यांचा असेल, तर अर्धा हौदा रस्त्यावर रिकामा करावा लागतो. कागदावरचे दोन किलोमीटर वाचविण्यासाठी हमालाचा अर्धा तास खर्ची पडतो, आणि तो अर्धा तास कोणाच्याही जमाखर्चात येत नाही.

मुंबईत असा विषय निघाला की डबेवाल्यांचे नाव निघतेच. १८९० च्या सुमारास सुरू झालेली ही व्यवस्था कौतुकास पात्र आहे, यात संशय नाही. परंतु तिचा कणा लोकल गाडी आहे. वेळ आणि वाट दोन्ही रेल्वेने आधीच बांधून दिलेली असतात. टेम्पोवाल्याला असे वेळापत्रक कोणी दिलेले नाही. त्याला मिळतात ती बंधने. गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी असते. रुळांमुळे कुर्ल्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झालेले असून ते ओलांडण्याच्या जागा मोजक्याच. शिवाय पावसाळ्यात मिठी नदी केव्हा आडवी येईल याचा नेम नाही. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या माणसाला हे सांगण्याची गरज नाही.

स्टेशनाच्या पश्चिमेचा बर्वे मार्ग घ्या. बसगाड्या, रिक्षा, फेरीवाले, पादचारी आणि माल उतरविणाऱ्या गाड्या यांना तिथे एकाच पट्ट्यात नांदावे लागते. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री त्याच रस्त्यावर बेस्टची बस माणसांवर गेली. त्या अपघाताची कारणे निराळी. तथापि इतक्या अरुंद जागेत आपण किती वर्दळ कोंबली आहे, हे त्या रात्री साऱ्या शहराने पाहिले. अशा रस्त्यावर टेम्पो वीस मिनिटे उभा राहिला तर चालकाला दंड होतो. पुढे जाऊन उभा केला तर हमालाला ओझे घेऊन गर्दीतून चालावे लागते. मोबाईलवर फेरी आखून देणाऱ्या यंत्राला यातले काही ठाऊक नसते. त्याच्या लेखी थांबा म्हणजे एक बिंदू. उशीर मात्र चालकाच्या नावावर चढतो, आणि खेपेवर पैसे घेणाऱ्याची दिवसाची शेवटची खेप बुडते.

म्हणून मागणी दुहेरी असावयास हवी. महापालिकेने आणि वाहतूक पोलिसांनी कुर्ल्यासारख्या बाजारपेठेत माल चढविण्या-उतरविण्याच्या जागा आखून द्याव्यात, त्यांना ठरावीक वेळा द्याव्यात आणि त्या वेळांत तिथे खासगी मोटार उभी राहू देऊ नये. फूटभर पदपथाचेही भांडण जिथे न्यायालयापर्यंत जाते, तिथे हे सोपे नाही, हे मान्य. दुसरी मागणी माल पाठविणाऱ्यांकडे आहे. अंतराबरोबर थांब्याचा वेळही हिशेबात धरा आणि तो चालकाला विचारून धरा. कोणत्या गल्लीत दुपारी जाता येते आणि कोणत्या चाळीला उद्वाहन नाही, हे त्याला यंत्राच्या आधी माहीत असते.

उरतो तो परतीचा प्रश्न. जकात चुकविण्यासाठी गोदामे शहराच्या हद्दीबाहेर, भिवंडीकडे वाढली. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली, गोदामे तिथेच राहिली. तिथून कुर्ल्यात माल टाकलेली गाडी पुष्कळदा रिकामी परत जाते. इकडे भंगार बाजारातला माल आणि जरीमरीच्या कारखान्यांतला तयार नग बाहेर जाण्यासाठी दुसरी गाडी शोधत असतो. या दोन खेपा जोडायला क्लार्क-राइट यांचे गणितही लागत नाही. दोन मालकांनी आपापल्या फेऱ्यांच्या चिठ्ठ्या एकमेकांना दाखविल्या तरी पुरे. पण आपले गिऱ्हाईक दुसऱ्याला कळेल या भीतीने दोघेही ती चिठ्ठी खिशातच ठेवतात.